मत गावाचे की माणसाचे?

— एक विद्यार्थिनी, बी. ए. भाग २

निवडणुकीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक वाक्य हटकून असते. अमुक तालुक्याने याला साथ दिली, तमुक गावाने त्याला नाकारले. चहाच्या टपरीवरचा हिशेब तर याहून सोपा. तांडा याचा, पोड त्याचे, बौद्धवाडा तिकडचा, पाटलांची आळी इकडची. जणू गाव म्हणजे एक थोरला माणूस असून त्याला एकच तोंड, एकच पोट आणि एकच मत आहे! राज्यशास्त्राच्या तासाला आपण शिकतो की मताचा अधिकार व्यक्तीला आहे. घटनेच्या ३२६ व्या कलमात प्रौढ नागरिकाचा उल्लेख आहे. गाव, वाडा किंवा जात यांना तेथे मतदार म्हटलेले नाही. मग व्यक्तीने एकट्याने, पुठ्ठ्याच्या आडोशामागे दिलेले मत गावाचे केव्हा होते? ते तसे कोण करतो? आणि त्यात कुणाचे नुकसान होते? वाचकहो, या तीन प्रश्नांनी माझी पाठ धरली आहे म्हणून हा लेख.

प्रथम आपल्या जिल्ह्याचा कल म्हणतात तो काय आहे ते पाहू. पुसदजवळच्या गहुली गावचे वसंतराव नाईक १९५२ साली पुसदमधून निवडून आले आणि पुढे डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३ या काळात त्याच खुर्चीवर बसले. एका घराने दोन मुख्यमंत्री दिले, म्हणून बाहेरचा माणूस म्हणतो, यवतमाळ जिल्हा म्हणजे नाईकांचा, म्हणजे काँग्रेसचा. पण ज्या काळात पुसदने वसंतरावांना निवडून दिले त्याच काळात यवतमाळने जांबुवंतराव धोटे यांना विधानसभेत पाठविले आणि त्यांनी तेथे सरकारला सळो की पळो करून सोडले. एकाच जिल्ह्याने सरकारही दिले आणि सरकारला झोडपणारा माणूसही दिला. आता यातला जिल्ह्याचा कल कोणता?

अलीकडचे उदाहरण घ्या. जिल्ह्यात विधानसभेचे सात मतदारसंघ आहेत: वणी, राळेगाव, यवतमाळ, दिग्रस, आर्णी, पुसद, उमरखेड. २००९ साली यांपैकी पाच काँग्रेसकडे होते. २०१४ साली तेच पाच, एकही न चुकता, भारतीय जनता पक्षाकडे गेले आणि २०१९ मध्येही तेथेच राहिले. याच तीन निवडणुकांत दिग्रसने शिवसेनेचे संजय राठोड यांना आणि पुसदने राष्ट्रवादीच्या नाईक घराण्याला सोडले नाही. म्हणजे वारे आले तेव्हा पाच ठिकाणी झाड वाकले आणि दोन ठिकाणी पानही हलले नाही. पुढे २०२४ चा एप्रिल उजाडला. लोकसभेला जिल्ह्याशी संबंधित तिन्ही जागा, चंद्रपूर, यवतमाळ-वाशीम आणि हिंगोली, महाविकास आघाडीने जिंकल्या. जाणकारांनी मान डोलावली, जिल्हा फिरला म्हणाले. अवघ्या सात महिन्यांनी, २० नोव्हेंबरला, विधानसभेचे मतदान झाले आणि सातांपैकी पाच जागा महायुतीला मिळाल्या. त्यातही गंमत अशी की भाजपला तीन, शिवसेनेला एक, राष्ट्रवादीला एक, काँग्रेसला एक आणि उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेला एक. सात मतदारसंघ आणि पाच पक्ष! राळेगावचा निकाल तर तीन हजारांहून कमी मतांनी लागला. त्या मतदारसंघातल्या शंभरेक मोठ्या गावांतून प्रत्येकी पंधरा माणसांचा विचार बदलला असता तर 'राळेगावचा कल' उलट दिशेचा ठरला असता. तेव्हा कल कल म्हणून जे आपण बोलतो ते निकालानंतर मारलेले शिक्के आहेत, असे माझे मत झाले आहे.

दोन गावांची नावे येथे घेतली पाहिजेत. आर्णी तालुक्यातले दाभडी आणि मारेगाव तालुक्यातले जळका. जळक्याच्या एका शेतकरी विधवेचे नाव २००८ साली राहुल गांधी यांच्या भाषणातून थेट लोकसभेत पोचले. दाभडीला २०१४ च्या मार्चमध्ये नरेंद्र मोदी 'चाय पे चर्चा' करावयास आले. दोन्ही गावे कापसाची, दोन्हीकडे कर्जाचे दुःख. एक गाव काँग्रेसचे म्हणून प्रसिद्ध झाले, दुसरे भाजपचे म्हणून; आणि त्यानंतर दर निवडणुकीला पत्रकार तेथे जाऊन विचारतात, 'आता गावाचे मत काय?' गावातल्या बाया पाणी भरता भरता त्यांना काय सांगत असतील ते सांगोत. मला इतकेच दिसते की नेता ज्या ओट्यावर बसून चहा पिऊन जातो त्या ओट्यावर पक्षाचा रंग लागतो, ओटा ज्याचा त्याला कुणी विचारत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण ती आपल्या यवतमाळात घडली आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांच्या जिव्हाळ्याची आहे. २०१९ च्या जानेवारीत येथे ब्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतल्यावर उद्घाटनाचा मान राजूरच्या वैशाली येडे या शेतकरी विधवेला मिळाला. साऱ्या मांडवाने टाळ्या वाजविल्या. पुढे त्याच वर्षी त्या लोकसभेला उभ्या राहिल्या. निकालात त्यांची अनामत वाचली नाही. यावरून लोक कृतघ्न आहेत असे म्हणणारे मला भेटले. मला ते पटत नाही. टाळी वाजविणे ही मनाची गोष्ट आहे आणि मत ही गरजेची. ज्याच्याकडे उद्या अर्ज घेऊन जावयाचे आहे त्याला मत दिले जाते. हे योग्य की अयोग्य हा निराळा प्रश्न. पण आमच्या घरी मत असेच दिले जाते, आणि आमच्यासारखी घरे पुष्कळ आहेत.

आता मतदानाच्या टक्केवारीकडे वळू. तिच्याविषयी आपल्याकडे फार उपदेश चालतो. २०२४ च्या लोकसभेला यवतमाळ-वाशीममध्ये सुमारे ६३ टक्के मतदान झाले. ज्या चंद्रपूर मतदारसंघात आमचा घाटंजी तालुका मोडतो तेथे ६७ टक्क्यांहून अधिक झाले. गडचिरोली-चिमूरमध्ये जवळजवळ ७२ टक्के. आणि विद्यापीठ, उच्च न्यायालय, विमानतळ ज्या शहरात आहे त्या नागपुरात? ५४ टक्के! दक्षिण मुंबईत तर ५० टक्क्यांच्या आसपासच. घोषणा मात्र रंगविल्या जातात त्या आमच्या शाळेच्या भिंतीवर, 'मतदार राजा जागा हो'. जो जागाच आहे त्याला हाका मारून काय उपयोग?

याचे कारण काय असावे? कुणी म्हणतात, खेड्यात पैसे वाटतात म्हणून रांगा लागतात. वाटत नाहीत असे मी म्हणणार नाही. रात्री दिवे मालवून कोण कोण कुणाच्या दारी जाते हे लहान पोरांनाही ठाऊक असते. परंतु पैसे घेणारा नेमके कुणाचे बटण दाबतो हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि पैसे न मिळालेली माणसेही रांगेत असतातच. मला वाटते, ज्याच्या आयुष्यात सरकार रोज दारात उभे आहे तो मतदान करतो. आमच्याकडे सरकार म्हणजे राशनचे दुकान, तलाठ्याचा दाखला, घरकुलाची यादी, पीकविम्याचा अर्ज, वनहक्काचा दावा. यांतले एक अडले तर घराची चूल अडते. ज्याला यांतले काहीच लागत नाही त्याला मतदानाचा दिवस जोडसुट्टीसारखा वाटला तर त्याचे काय चुकले? शहाणपणापेक्षा गरजेने लोकशाही चालते, आणि त्यात खाली मान घालण्यासारखे काही नाही.

हेच गावातल्या गावातही दिसते. ग्रामपंचायतीच्या मतदानाला आमच्याकडे म्हाताऱ्यांना खाटेवर घालून आणतात, पुण्याच्या कंपनीत गेलेल्या पोरांना गाडीभाडे पाठवितात, बाळंतीण लेकरू कडेवर घेऊन उभी राहते. एका मताने सरपंच पडू शकतो हे सर्वांस ठाऊक असते. विधानसभेला रांग थोडी आखूड होते. लोकसभेला दुपारी केंद्रावर शुकशुकाट असतो. आमचा जिल्हा यवतमाळ, पण खासदार चंद्रपूरचा. उमरखेडवाल्यांचा खासदार हिंगोलीचा. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर २००९ पासून हे असे आहे. एका जिल्ह्यात तीन खासदार म्हणजे चैन वाटेल, पण आमच्या गावात जाऊन 'तुमचा खासदार कोण' असे विचारले तर तीन माणसे चार नावे सांगतील. ज्याचे नाव आठवत नाही त्याच्यासाठी उन्हात उभे राहावयाचे म्हणजे त्याला एप्रिलचे यवतमाळचे ऊन माहीत असणाऱ्यानेच दाद द्यावी.

याच ठिकाणी एक खेद नोंदवितो आपला जिल्हा. जिल्हा परिषदांची आजची रचना वसंतराव नाईक यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने सुचविली. १९६१ मध्ये तिचा अहवाल आला आणि १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्याच नाईकांच्या जिल्ह्यात, राज्यातल्या इतर अनेक जिल्ह्यांप्रमाणे, जिल्हा परिषदेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि नंतर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार पाहिला. आरक्षणाचा खटला, प्रभागांचा घोळ, कारणे असतील. पण मतदानाची टक्केवारी मोजणाऱ्यांनी ज्या निवडणुका झाल्याच नाहीत त्यांची टक्केवारी कोणत्या रकान्यात धरावी?

टक्केवारीत आणखी एक माणूस धरला जात नाही. तो म्हणजे गावात नसलेला. पुसद, दिग्रस, महागाव, उमरखेडकडच्या तांड्यांतून दिवाळी झाली की बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे ऊसतोडीला निघतात. कुणी वीटभट्टीवर जातात, कुणी तेलंगणात मिरची तोडावयास. २०२४ साली दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाली आणि मतदान २० नोव्हेंबरला. ज्या मुकादमाची उचल घेतली आहे तो मतदानासाठी तीन दिवस थांबेल काय? सैनिकाला टपालाने मत देता येते, निवडणुकीच्या कामावरच्या शिक्षकाला देता येते, पंच्याऐंशी वर्षांवरील वृद्धाच्या तर घरी पेटी येते. ऊसतोड्याला यांतले काही नाही. निवडणूक आयोगाने २०२२ च्या अखेरीस बाहेरगावी असणाऱ्यांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना जाहीर केला होता, २०२३ च्या जानेवारीत पक्षांना बोलावून दाखविण्याचे ठरविले. पक्षांनी शंका काढल्या आणि गाडे अडले. शंका खोट्या होत्या असे मी म्हणत नाही. पण कोयता घेऊन गेलेला माणूस मतदार यादीत असतो, टक्केवारीच्या भागाकारात खाली असतो आणि वर नसतो. मग वर्तमानपत्र लिहिते, 'तांड्यावर मतदारांचा निरुत्साह'. उत्साह साखर कारखान्याच्या फडात होता हो!

आता मूळ मुद्द्यावर येते. गावाचे मत कळते कसे? १९५२ आणि १९५७ च्या निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे. पुढे एकाच मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत आली. मतपत्रिका असेपर्यंत अनेक केंद्रांच्या पत्रिका मोजणीपूर्वी एकत्र मिसळण्याचा हुकूम आयोगाला देता येत असे. १९६१ च्या निवडणूक नियमांत ५९-अ हा नियम त्यासाठी होता. दहा गावांची धान्ये एका कणगीत ओतली की कोणता दाणा कुणाच्या शेतातला हे कोण सांगणार? मग मतदान यंत्रे आली. केरळात १९८२ साली प्रथम वापरली गेली आणि २००४ च्या लोकसभेला देशभर सर्वत्र. यंत्राचे गुण पुष्कळ आहेत, मोजणी लवकर होते, मते बाद होत नाहीत. पण प्रत्येक यंत्र आपल्या केंद्राची बेरीज वेगळी सांगते. कोणत्या केंद्रावर कुणाला किती, हा तक्ता नमुना २० म्हणून प्रसिद्ध होतो आणि कुणालाही पाहता येतो.

ज्या शहरात एका केंद्रावर हजार-बाराशे मतदार, तेही चार गल्ल्यांतले आणि एकमेकांना अनोळखी, तेथे याने काही बिघडत नाही. आमच्या केंद्रावर साडेचारशे मतदार आहेत. गावाचे नाव मी मुद्दामच देत नाही. त्यात एक मोठी आळी, एक वाडा आणि थोडे अंतर सोडून कोलामांचे पोड. यादी हातात घेऊन तक्त्याशेजारी ठेवली की जाणत्या कार्यकर्त्याला बोटे मोडून सांगता येते, इकडची इतकी मते आपली, मग राहिलेली विरोधातली कुणाची. व्यक्तीचे मत गुप्त राहते हे खरे, पण वस्तीचे उघडे पडते. आणि लहान गावात वस्तीचे उघडे पडणे म्हणजे माणसाचे उघडे पडण्यासारखेच आहे.

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात डिक्सव्हिल नॉच नावाची एक इवलीशी वस्ती आहे. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत तेथे १९६० पासून मध्यरात्रीच्या ठोक्याला मतदान होते आणि काही मिनिटांत निकालही लागतो. २०२० साली पाचही मते बायडन यांना पडली. २०२४ साली सहा मते होती. तीन ट्रम्प यांना, तीन कमला हॅरिस यांना. साऱ्या जगाचे छायाचित्रकार तेथे जमतात, मंडळी हसतात, कॉफी पितात. कुणाचे मत कुठे गेले हे तेथे लपत नसावे आणि लपविण्याची कुणाला गरजही वाटत नसावी, कारण ट्रम्प यांना मत दिले नाही म्हणून उद्या कुणाच्या घरासमोरचा रस्ता अडणार नाही. आपल्याकडेही गुजरातेत गीरच्या जंगलात बाणेज येथे एकाच मतदारासाठी केंद्र उघडतात. त्याचे आपण कौतुक करतो, लोकशाही शेवटच्या माणसापर्यंत गेली म्हणतो. कौतुक खरेच आहे. पण त्या एका मतदाराचे मत त्या केंद्राच्या तक्त्यात लिहिले तर गुप्त काय राहील, हा प्रश्न ते छायाचित्र पाहून कुणाच्या मनात येत नाही.

आमच्या गावी काय घडले ते सांगते. मी शाळेत असतानाची गोष्ट. निकालानंतर काही महिन्यांनी वाड्याकडच्या रस्त्यावर खडी पडणार होती. गिट्टीचे ढीग येऊन पडले, दोन दिवस रोलर फिरला आणि मोठ्या आळीच्या शेवटच्या घरापाशी काम थांबले. माझे वडील आणि दोघे जण तालुक्याला एका पुढाऱ्याकडे गेले. पक्षाचे नाव सांगण्यात अर्थ नाही. गावोगाव सगळ्यांची तऱ्हा एकच. त्याने कपाटातून कागद काढला आणि आमच्या केंद्राच्या आकड्यावर पेन ठेवले. बाबा घरी आले ते गप्पच. रात्री आईने विचारले तेव्हा म्हणाले, "कागदावर लिवेल हाय म्हने, आपन कोनाले देल्लं थे." आजी कोपऱ्यात वाती वळीत होती. ती म्हणाली, "काहून बापा, मत त पोटातली गोठ होती. पोटातलं कागदावर कसं आलं?" या प्रश्नाचे उत्तर त्या रात्री आमच्या घरात कुणाजवळ नव्हते. मला ते कॉलेजात आल्यावर नमुना २० पाहिला तेव्हा मिळाले.

त्यापुढच्या निवडणुकीला वाड्यातली कर्ती माणसे समाजमंदिरात बसली आणि एकमताने ठरले की मोठी आळी जिकडे तिकडे आपण. भांडण नको. रस्ता पाहिजे. आणि मतमोजणीनंतर वर्तमानपत्रात आमच्या भागाविषयी काय छापून आले असेल? 'एकगठ्ठा कौल!' वाचकहो, आपल्या जिल्ह्यातले किती गठ्ठे प्रेमाने बांधलेले आहेत आणि किती भीतीच्या दोरीने, हे कोणत्याही तक्त्यात सापडत नाही. म्हणूनच मी सुरुवातीला म्हटले, गावाचे मत नसते. ते केले जाते.

हे फक्त आमच्या गावातले दुःख नाही. २०१९ च्या प्रचारात उत्तर प्रदेशात त्या वेळच्या केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी जाहीर सभेतच गावांची वर्गवारी सांगितली. ऐंशी टक्के मते देणारे गाव ए, त्याखालचे बी, मग सी, मग डी, आणि कामे त्या क्रमाने. निवडणूक आयोगाने त्यांना समज दिली. त्या मोठ्याने बोलल्या एवढाच त्यांचा वेगळेपणा. बाकीचे हळू बोलतात.

उपाय नाही असे नाही. अनेक केंद्रांची यंत्रे एकमेकांस जोडून फक्त एकत्र बेरीज दाखविणारे 'टोटलायझर' नावाचे उपकरण वापरावे, असा प्रस्ताव आयोगाने २००८ मध्येच मांडला. चौदा केंद्रांची मते त्यात एकदम मोजता येतात. विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात त्याची शिफारस केली. केंद्र सरकारने मात्र सर्वोच्च न्यायालयात विरोध केला. सरकारचे म्हणणे असे की केंद्रवार आकडे कळले तर आपण कोठे कमी पडलो हे उमेदवाराला समजते आणि तेथे तो अधिक काम करू शकतो. कागदावर हे म्हणणे वाईट नाही. आमच्या प्राध्यापकांशी बोलताना त्यांनी आणखी एक मुद्दा सांगितला, तोही खरा आहे: केंद्रवार आकडे उघड असले की मोजणीत गडबड झाली तर ती पकडता येते, प्रतिनिधीने सायंकाळी लिहून घेतलेला आकडा आणि मोजणीचा आकडा जुळवून पाहता येतो. ज्यांना यंत्रांविषयी शंका आहे त्यांना हा तक्ता म्हणजे आधार वाटतो, आणि तो काढून घ्या म्हणणे त्यांस आवडणार नाही.

पण यातून मार्ग निघणार नाही काय? त्या केंद्रावर एकूण किती जणांनी मत दिले हा आकडा उघड राहू द्या. जुळवाजुळव त्याने होते. कुणाला किती हे मात्र दहा-बारा केंद्रांचे मिळून सांगा. निदान ज्या केंद्रावर पाच-सहाशेहून कमी मतदार आहेत त्यांच्यापुरते तरी करा. न्यायालयाला गरज पडली तर यंत्र आहेच, चिठ्ठ्याही आहेत. आणि 'कमी पडलो तेथे अधिक काम करू' असे म्हणणारा एखादा पुढारी असेलही. आमच्या रस्त्यावर तो अजून आलेला नाही. तो येईपर्यंत आम्ही झाकलेल्या मुठीनेच बरे.

एका मताबद्दल मला अजून बोलावयाचे आहे, ते मुलींचे. २०२४ च्या लोकसभेला देशात स्त्रियांच्या मतदानाचे प्रमाण पुरुषांपेक्षा किंचित अधिक होते. वाचून अभिमान वाटतो. पण हे प्रमाण यादीत नाव असलेल्या स्त्रियांचे आहे. मला अठरा वर्षे २०२४ च्या मे महिन्यात पूर्ण झाली. शाळेचे गुरुजी मतदार नोंदणीसाठी घरी आले तेव्हा काकांनी सहज सांगितले, "पोरीचं कायले टाकता? लगन झालं का तिकडंच टाकतीन थे लोकं." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, द्वेष नव्हता, जसे 'पाऊस येईन' म्हणावे तसे ते म्हणाले. भावाचे नाव तर त्याला सतरावे संपताच घातले गेले होते. मी हट्ट धरला, नमुना ६ स्वतः भरला आणि नोव्हेंबरला एस. टी. ने गावी जाऊन मत दिले. कुणाला ते विचारू नका. वर्गात मैत्रिणींना विचारले तर निम्म्याहून अधिक जणींची नावे नव्हती, आणि कारण सगळीकडे तेच. माहेरी घालत नाहीत कारण ती जाणार. सासरी लवकर घालत नाहीत कारण नवी आहे, आधी राशनकार्डात नाव चढू दे. मध्ये दोन-चार वर्षे ती कुठलीच नसते. मतदानाचे वय १९८९ साली एकविसावरून अठरावर आणले, ते आमच्यासाठी पुन्हा एकवीस-बावीसच झाले आहे. ज्या मुलीचे नाव कुठल्याच यादीत नाही तिची गैरहजेरी टक्केवारीतसुद्धा दिसत नाही. ऊसतोड्या निदान भागाकारात खाली तरी असतो.

कुणी म्हणेल मतदान सक्तीचे करा. गुजरातने स्थानिक निवडणुकांपुरता तसा कायदा केला होता, उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये त्याला स्थगिती दिली. मला सक्ती नको. फडातल्या माणसाला दंड कोण करणार, आणि काकांच्या हातात असलेल्या माझ्या नोंदणीचा दंड माझ्याकडून कोण घेणार?

आपल्या महाविद्यालयापुरते एक सुचवावेसे वाटते. आता वर्षातून चार तारखांना अठरा पूर्ण होणाऱ्यांची नोंदणी होते: जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली. राष्ट्रीय सेवा योजनेचे नोंदणी शिबीर दरवर्षी २५ जानेवारीच्या मतदार दिनाला भरते, हार घालतात, शपथ होते. तोपर्यंत तांड्यावरच्या मुली आईबापांबरोबर निघून गेलेल्या असतात. कित्येकींची हजेरीच दिवाळीनंतर तुटते. ते शिबीर सप्टेंबरात घ्यावे. नमुना ६ ची छापील पाने, एक छायाचित्रकार आणि वयाच्या दाखल्याच्या प्रती काढावयास एक यंत्र, एवढे पुरे. पत्त्याच्या रकान्यात माहेरचाच पत्ता लिहावा. घरी विचारून सांगते असे म्हणणाऱ्या मैत्रिणी बऱ्याच असतील, तेव्हा शिबीर एका दिवसाचे न ठेवता निदान आठवडाभर चालू ठेवावे; शनिवारी गावी जाऊन सोमवारी परत येणाऱ्यांना त्यात सही करता येईल.